रायकानने अडवलेला निरोप

रायकानचा उजवा पाय सारखा हलत असायचा. नारीन या डोंगरातल्या शहराच्या गाडीतळावर, वरच्या मजल्यावर ती काम करायची. तिच्या टेबलाखालची फळी बुटाच्या टाचेने घासून पांढरी पडली होती. कुबात हा गाडीवाल्यांच्या संस्थेचा प्रमुख, सगळ्यांचा बाइके, म्हणजे थोरला भाऊ. त्याने एकदा फळी बदलून घेतली. ती पण झिजली. मग तो म्हणाला, "आता फळी नको, बाईच बदलू." पण बाई बदलणं सोपं नव्हतं. घाटातल्या सगळ्या गाड्यांचे निरोप ज्या कोडवर चालायचे, तो तिने एकटीने लिहिला होता.

आधी ती शाळेत गणित शिकवायची. नवरा रशियात कामाला गेला आणि तिकडचाच झाला. मुलगी सेझिम तेव्हा लहान होती. चाळिशी उलटल्यावर रायकानने शाळेचा जुना संगणक घरी आणून दुरुस्त केला आणि कोड लिहायला शिकली. कामाची तिची एक रीत होती. चुकलेल्या जागी ठिगळ लावायचं नाही. उसवायचं, आणि पहिल्या टाक्यापासून पुन्हा घालायचं. वेळ लागायचा. पण एकदा बसवलेलं पुन्हा हलायचं नाही.

बिश्केकहून नारीनला येणाऱ्या गाड्या दोलोनचा घाट ओलांडून येतात. घाटात फोन लागत नाही. म्हणून संस्थेने प्रत्येक गाडीत एक डबी बसवली होती, थेट उपग्रहाशी बोलणारी. ड्रायव्हरने बटण दाबलं की निरोप सुटायचा. निघालो. घाट चढलो. पोचलो. सगळे ठीक. लाल बटण अपघाताचं. थोडा मजकूर टाइपही करता यायचा. प्रत्येक गाडी हा रायकानच्या कोडमध्ये एक विषय होता. ड्रायव्हरने आपल्या विषयावर निरोप सोडून द्यायचा, कोण ऐकतंय याची काळजी करायची नाही. ज्याला गरज त्याने त्या विषयाला कान लावायचा. घरचे लोक आपल्या माणसाच्या गाडीला कान लावत. घाटाच्या पायथ्याला सारी-बुलाकची खानावळवाली सगळ्याच गाड्यांना लावायची, म्हणजे किती वाट्या शोर्पोचा रस्सा शिजवायचा ते तिला कळे. ओढगाडीवाला झाकीपही सगळ्यांना लावायचा, कारण खड्ड्यातून काढायचं काम त्याचं. प्रत्येकाची रांग वेगळी. घेणाऱ्याने निरोप घेतला की 'पोचला' म्हणायचं. तो म्हणेपर्यंत निरोप रांगेत उभा. पुढचा हलल्याशिवाय मागचा पुढे येत नाही. हा क्रम रायकानला फार प्रिय होता.

पहिल्या हिवाळ्यात एक वाईट गोष्ट घडली. अत-बाशी गावच्या एका म्हातारीने गोठ्यात दूध काढता काढता फोन पाहिला आणि त्यावर मुलाच्या गाडीचा लाल निरोप वाचला. एकटीने. शेजारीण गेली तेव्हा म्हातारी सांडलेल्या बादलीशेजारी बसून होती, आणि पुढे कितीतरी दिवस ती बोलली नाही. गाडीवाल्यांची बैठक भरली. वाईट बातमी अशी देतात का? आपल्यात माणसं जमतात, टोप्या घालून तीन वडीलधारे दारात येतात, हात धरून बसवतात, मग सांगतात. ज्याचं माणूस गेलं त्याला सगळ्यात शेवटी कळतं. हेच योग्य. कुबात रायकानला म्हणाला, "तुझ्या मशीनला रीतभात शिकव."

तिने शिकवली. लाल निरोप आला की त्या गाडीची रांग जागीच थांबायची. झाकीपची तेवढी नाही, कारण मदत अडवून चालत नाही. बाकी सगळ्यांची थांबायची. निरोप इशेन अताच्या फोनवर जायचा. इशेनबाय हा जन्मभर त्या घाटात बस चालवलेला म्हातारा. गाडीतळावरचे सगळे त्याला अता, म्हणजे आजोबा, म्हणत. त्याने निरोप उघडायचा, घरी जाऊन सांगायचं, मग त्याच्या फोनवरून 'पोचला' म्हणायचं. त्यानंतरच रांग वाहती व्हायची.

हे काम रायकानने मनापासून केलं होतं. त्याला कारण होतं. ती बिश्केकला शिकत होती तेव्हा एक दिवस काका वसतिगृहावर आला. "वडील जरा आजारी आहेत, चल," एवढंच म्हणाला. येताना घरून तिचा जाड कोट घेऊन आला होता. कोच्कोर मागे पडल्यावर ड्रायव्हरने गाणी बंद केली. सारी-बुलाकला खानावळवालीने काकाच्या आधी तिच्या पुढ्यात ताट ठेवलं. मोठ्यांच्या आधी तिला. तिथे तिला कळलं. तिने विचारलं नाही, आणि कोणी सांगितलं नाही. तिथून नारीनपर्यंतचा सगळा घाट तिला वडील अजून होते. त्या घाटाबद्दल ती त्या माणसांची कायमची ऋणी राहिली.

यंदाच्या हिवाळ्यात सेझिम सुट्टीवर घरी यायला निघाली. बिश्केकला नर्सिंग शिकत होती. पहाटे तालानच्या गाडीत बसली. तालान भरवशाचा माणूस, रस्ता बघून चालवणारा. रायकान कामावर आली, भट्टीत कोळसा घातला, पडद्यावर तालानची गाडी लावून ठेवली. निघालो. बालिक्ची. कोच्कोर. सारी-बुलाक सोडलं. पाय हलत होता.

समोरच्या टेबलावर एमिल असायचा. तिशीतला, हुशार आणि तोंडाळ. रायकानला एजे, म्हणजे ताई, म्हणायचा. म्हणाला, "एजे, तुझ्या पायाला तार जोडली तर खालचा दिवा पेटेल. संस्थेचं बिल वाचेल."

"तुझ्या जिभेला जोड. सगळं नारीन पेटेल."

तो हसला आणि आपली गाणी लावून कामाला लागला.

सारी-बुलाकनंतर 'घाट चढलो' यायला हवं होतं. आलं नाही. बाहेर बर्फ भुरभुरत होतं. रायकानने स्वतःला समजावलं की तालान सावकाश चालवत असेल. एक काम उघडलं, मिटलं. दुसरं उघडलं. खिडकीशी जाऊन आली. बसली. पुन्हा उठून भट्टीत कोळसा घातला, भट्टी भरलेली असताना.

आतल्या खोलीत फोन वाजला. कुबात बोलला, आवाज दाबून. मग बाहेर आला आणि चहाची किटली उचलली.

त्याने रायकानच्या पेल्यात चहा ओतला.

कुबात कोणाला चहा ओतून देत नसे. स्वतःचाही दुसऱ्या कोणी ओतावा ही त्याची सवय. रायकानने पेल्याकडे पाहिलं.

"कोणाचा फोन होता, बाइके?"

"झाकीपचा. डिझेलचं विचारत होता."

"डिझेलचं विचारायला तो तुम्हाला फोन करतो?"

"करतो कधीकधी. चहा घे, गार होईल."

"तुम्ही मला चहा ओतलात."

"मग? ओतू नये?"

"आजवर ओतला नाहीत."

"आज ओतला," कुबात म्हणाला आणि किटली घेऊन तिथेच उभा राहिला. कुठे ठेवायची ते त्याला सुचेना.

तेवढ्यात एमिलची गाणी बंद झाली.

खोलीत भट्टीचा आवाज तेवढा उरला. तिचा पाय फळीवर धडधडत होता आणि एमिल त्यावर काही बोलत नव्हता. त्याने खुंटीवरची आपली शाल काढून तिच्यापुढे धरली.

"एजे, घे. गारठा आहे."

"भट्टी माझ्या पाठीला आहे, एमिल."

"तरी असू दे."

"तालानची गाडी का?"

कुबात खिडकीकडे बघत म्हणाला, "इशेन अतांना कळवलंय. येतील ते. तू बस शांत."

नारीनमध्ये या वाक्याचा एकच अर्थ होतो.

ती बसली. समोर पडदा होता. तालानच्या गाडीचं पान जसंच्या तसं. सारी-बुलाक सोडलं, आणि पुढे कोरं. हा कोरेपणा तिने स्वतः बनवला होता. अडसर कुठे आहे, कोणत्या ओळीत आहे, हे तिच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं. एक आज्ञा लिहिली की रांगेतला निरोप तिच्यापुढे उघडला असता. बोटांना ती आज्ञा पाठ होती.

तिने ती लिहिली. खोडली.

जोवर वाचत नाही तोवर सेझिम गाडीत बसलेली आहे. खिडकीला गाल लावून झोपली असेल, लहानपणापासूनची सवय. वडिलांच्या वेळी रायकान तो सगळा घाट गप्प बसून होती. आज तिला गप्प बसवेना. वडील म्हातारे होते. सेझिमचा एक दात अजून पूर्ण यायचा होता, अक्कलदाढ, त्याचीच तक्रार तिने काल फोनवर केली होती.

तिने पुन्हा आज्ञा लिहिली. पुन्हा खोडली. खुर्ची मागे सरकवली, पुढे ओढली. कुबात अजून किटली घेऊन उभा होता.

"ठेवा ती खाली, बाइके," ती म्हणाली. "हात भाजेल."

मग तिने दुसरीच एक आज्ञा लिहिली. निरोप काय आहे ते दाखवायचं नाही. रांग किती लांब आहे एवढंच दाखवायचं. याला वाचणं म्हणता येत नाही, असं तिने स्वतःला सांगितलं.

तीन.

ती बघत राहिली. काही वेळाने आकडा बदलला. चार.

तिचा पाय थांबला.

एमिलने पाय थांबलेला पाहिला आणि तो घाबरला. "एजे?"

रायकान विचार करत होती. लाल बटण एकदा दाबलं की एक निरोप सुटतो. एकच. तिने स्वतः तसं ठेवलं होतं, घाबरलेला माणूस दहादा दाबतो म्हणून. मग मागचे तीन कोण सोडतंय? डबी आपणहून बोलत नाही. तिला बोट लागतं. त्या गाडीत कोणाचं तरी बोट शाबूत आहे, आणि ते माणूस घाईत आहे.

कोणाचं बोट, हे आकडा सांगत नव्हता.

पाच.

तिने आज्ञा लिहिली. एमिल उठून तिच्या खुर्चीमागे आला.

"एजे, नको. तो निरोप घरच्यांनी वाचायचा नाही."

"हे कोणी ठरवलं?"

"बैठकीने. आणि कोडमध्ये तू लिहिलंस. मला दोनदा समजावून सांगितलंस, मी मधेच हसलो म्हणून ओरडलीसही."

"मग आता बाजूला हो."

"अता येतायत ना. त्यांना सांगू दे. तू एकटीने वाचू नकोस."

"एकटी कुठे आहे? तू मानेवर उभा आहेस."

तिने बटण दाबलं.

पहिला निरोप लाल. त्यात शब्द नव्हते. दुसरा, सगळे ठीक. तिसरा, पुन्हा सगळे ठीक. चौथ्यात तालानने टाइप केलं होतं: बर्फावर घसरलो चाक गटारात कोणाला खरचटलंही नाही. पाचवा: कोणी ऐकतं का? सेझिमचे बूट ओले, आईने रागावू नये म्हणते.

रायकानने ते पुन्हा वाचलं. मग खाली वाकून तोंड टेबलाच्या कडेला टेकवलं आणि तशीच राहिली. एमिल तिच्या पाठीवर हात ठेवावा की नाही या विचारात हवेत हात धरून उभा होता. सहावा निरोप आला: झाकीप आला दोर बांधतोय.

"सगळे ठीक," एमिल कुबातला म्हणाला. "बाइके, चाक गटारात गेलंय फक्त."

कुबात भिंतीला पाठ लावून खाली बसला. "मला वाटलं..."

"झाकीप काय म्हणाला होता?" रायकानने मान वर केली.

"लाल आलाय म्हणाला. तालानचा. निघतो म्हणाला."

"आणखी?"

"आणखी काही नाही. मग तो घाटात शिरला, फोन गेला."

"एवढ्यावर तुम्ही चहा ओतलात."

पण रायकानने ते तिथेच सोडलं, कारण चहा पेल्यात पडायच्या आधीच तिने स्वतः सगळं मान्य केलं होतं.

तिने कोट चढवला. "अतांना कोणी कळवलं?"

"त्यांच्या फोनवर गेलाच होता ना निरोप. मीही फोन केला. येतो म्हणाले. माणसं जमवतोय म्हणाले."

"किती वेळ झाला?"

"बराच," कुबात म्हणाला.

इशेन अताचं घर चढावर, शेवटच्या गल्लीत. वाटेवर कोणीतरी राख टाकली होती, तिच्यावरून ती चढली. हातमोजे टेबलावर विसरले होते. बोटं कोटाच्या बाह्यांत ओढून घेत ती दार ठोठावण्याआधीच आत शिरली.

तिघे म्हातारे होते. इशेन अता इस्त्रीचा कोट घालून, उंच पांढरी टोपी चढवून खुर्चीवर. शेजारी दोस्मात, तोही तसाच तयार. तिसरा कादिर उंबऱ्याशी बसून बूट घालत होता. खिडकीत फोन पालथा ठेवलेला, त्यावर रुमाल.

तिघेही तिला पाहून उभे राहिले. ज्या घरी जायचं तेच घर चालत आलं होतं. असं त्यांच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं.

इशेन अताने घसा साफ केला. "ये लेकरा. बस. माणूस या जगात पाहुणा..."

"अता, सुयुंचू," रायकान म्हणाली.

आनंदाची बातमी आणणारा बातमीआधी आपलं बक्षीस मागतो, त्याचा हा शब्द. मुलगा झाला, माणूस परत आलं, की पोरं हा शब्द ओरडत गल्लीतून धावतात.

दोस्मात कादिरला हळूच म्हणाला, "फिरलं हिचं डोकं. पाणी आण."

"नाही फिरलं. अता, फोन उघडा."

"तुझ्यासमोर? हे असं करत नाहीत, बेटा."

"माझ्यासमोरच उघडा. मी वाचून आलेय."

म्हाताऱ्याने रुमाल उचलला, घडी केली, खिशात ठेवला. चष्मा शोधला. फोन लांब धरून त्याने निरोप उघडला आणि बोटाने 'पोचला' दाबलं. दाबताना ओठ हलवले, जणू प्रार्थना म्हणतोय.

रायकानच्या खिशातला फोन थरथरला. पुन्हा थरथरला. पुन्हा. अडून बसलेली सगळी रांग वाहू लागली होती, एकामागून एक, आपल्या क्रमाने. शेवटचा निरोप नवा होता. घाट चढलो.

तिने फोन त्यांच्यापुढे धरला. तिघांनी डोकी एकत्र करून वाचलं. कादिर एक बूट घालून तसाच खाली बसला.

"चाक," दोस्मात म्हणाला. "चाकासाठी मी दाढी केली."

"बरं केलंस," कादिर म्हणाला. "नाहीतर कधी केली असतीस?"

इशेन अताने खुंटीवरचे आपले मेंढीच्या कातड्याचे हातमोजे काढून रायकानच्या हातात दिले. "सुयुंचू. घाल. बोटं निळी पडलीत."

तिने घातले. मोठे होते, गरम होते.

"अता, निरोप आला तेव्हाच का नाही उघडलात?"

"एकट्याने?" म्हाताऱ्याला प्रश्नच कळला नाही. "असली बातमी एकटा ऐकत नाही, रायकान. सांगणाऱ्यालाही माणूस लागतं. दोस्मात आला. हा कादिर घोडीला पाणी पाजायला नदीवर गेला होता. बर्फ फोडत बसला. त्याची वाट बघितली."

"म्हणजे दर वेळी तुम्ही तिघे जमेपर्यंत..."

"दर वेळी. तुला माहीत नव्हतं?"

नव्हतं. तिने एकाच माणसाच्या बोटासाठी कोड लिहिला होता. दारात तिघे येतात हे लहानपणापासून पाहिलेलं, बैठकीतही ऐकलेलं. पण ते तिघे आधी कुठे जमतात, किती वेळ लागतो, हे विचारायला ती हा चढ कधी चढली नव्हती.

"मला तरी कुठे माहीत होतं," अता म्हणाला, "की त्याच्या पाठीमागे आणखी निरोप खोळंबलेत. मला वाटायचं वाईट बातमी एकटीच येते. ऐक. वाईट बातमी चालत येते. चांगली घोड्यावर येते. तू दोघींना एकाच गाढवावर बसवलंस."

"हो," रायकान म्हणाली.

"मग उतरव एकीला."

परत येताना ती पळाली नाही. डोक्यात ओळी मांडत होती. कचेरीत शिरली तेव्हा एमिलने गाणी पुन्हा लावली होती, हळू आवाजात. तिने रांगेचं सगळं काम उसवलं. एमिल म्हणाला की एक अट घातली तरी चालेल, लालच्या मागचं 'सगळे ठीक' तेवढं पुढे सोडायचं, दोन ओळींचं काम. तिने मान हलवली. ठिगळ नको. सुखरूपतेचा विषयच वेगळा केला. त्यावर आलेला निरोप कोणामागे उभा राहणार नव्हता, सरळ घरी जाणार होता.

"पण एजे," एमिल म्हणाला, "लाल दिसलाच नाही आणि नुसतं 'सगळे ठीक' आलं, तर घरचे विचारतील ना, ठीक नसायला काय झालं होतं?"

"विचारू देत. पोचल्यावर पोरगी सांगेल."

"आणि ड्रायव्हरने डोकी न मोजता दाबलं तर?"

तिचे हात थांबले. हा प्रश्न बरोबर होता. तिने सगळ्या ड्रायव्हरांना निरोप पाठवला की माणसं एकेक नावाने हाक मारून पाहिल्याशिवाय ते बटण दाबायचं नाही. दाबलं तर गाठ तिच्याशी आहे.

दुपार कलली तेव्हा तालानची गाडी खाली येऊन लागली. सेझिम जिना चढून वर आली, नाक लाल, हातात बूट, पायांत तालानचे जाड मोजे.

"अपा, पानावर काही येत नव्हतं का? तालान बाइकेचं बोट दुखलं बटण दाबून."

"आलं. उशिरा आलं."

"मला वाटलं तू रागावलीस. नवे बूट."

"इकडे आण."

रायकानने बूट घेतले, आत कागद कोंबला आणि भट्टीपासून हातभर लांब ठेवले, कातडं करपू नये म्हणून. कुबातने किटली उचलली, रायकानकडे पाहिलं, आणि खाली ठेवली. चहा सेझिमने ओतला, सगळ्यांना.

लाल निरोपाच्या वाटेवर रायकानने काही बदललं नव्हतं. तो तसाच इशेन अताकडे जाणार, तिघे जमेपर्यंत पालथा पडून राहणार. तसंच हवं होतं. फक्त कधीतरी त्याच्या पाठीमागे दुसरा कोणताच निरोप सुटणार नाही, आणि ती इथे बसून सुखरूपतेच्या कोऱ्या पानाकडे बघत असेल. कोणाच्या गाडीचं, ते माहीत नाही.

घाटात अजून एक गाडी होती. तिने ती पडद्यावर लावली. पाय हलू लागला.

सेझिमने चहा पिता पिता तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "अपा, पाय."

"ही एक चढू दे," रायकान म्हणाली.